घरातलं अन्न वाया जाऊ नये म्हणून काय करावं

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६० टक्के घराघरांतून. हे अन्न कचराभूमीत ढिगाखाली दबतं, हवा न मिळता कुजतं आणि त्यातून मिथेन निघतो. वीस वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे या कामाची सुरुवात आपल्याच ओट्यावरून करता येते.

आधी आठवडाभर नोंद ठेवा. फ्रिजच्या दारावर कागद लावा आणि टाकलेलं सगळं लिहा: दोन वाट्या भात, अर्धी जुडी कोथिंबीर, आंबलेली आमटी. कुठल्या घरात काय जास्त उरतं हे या यादीशिवाय कळत नाही.

मग माप बदला. बहुतेक घरांत उरतो तो भात. पाणी साठवलेल्या भातखाचरांतूनही मिथेन निघतो, त्यामुळे फेकलेला भात दोनदा महागात पडतो. माणशी अर्ध्या वाटीहून कमी तांदूळ घेऊन बघा. कमी पडलाच तर एखादी पोळी वाढवता येते.

भाजी आल्या आल्या आवरा. कोथिंबीर निवडून, पूर्ण कोरडी करून कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. ओली राहिली की सडलीच. कांदे आणि बटाटे एका टोपलीत नकोत, बटाट्यांना लवकर कोंब येतात.

साली आणि देठ वापरा. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे दोडक्याच्या शिरांची चटणी. दोडका आधी स्वच्छ धुवा, मग शिरा काढून बारीक चिरा. थोड्या तेलात मंद आचेवर परतत राहा. आधी त्या मऊ पडतात, नंतर कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होतात. तेव्हाच तीळ, सुकं खोबरं, तिखट, मीठ घाला. दुधीच्या कोवळ्या सालीचीही अशीच होते. कोथिंबिरीचे देठ तर वाटणात पानांपेक्षा जास्त वास देतात, ते टाकू नयेच.

उरलेलं वेळेत झाका. पोळ्यांचा कुस्करा सकाळी सहज होतो. भाताची मात्र काळजी घ्या: शिजवल्यावर दोन तासांच्या आत तो पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी फोडणी देताना वाफ येईपर्यंत गरम करा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात वाढलेल्या जिवाणूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

खत सगळ्यात शेवटी. खत करतो म्हणून जास्त रांधलं तरी चालेल, असं अजिबात नाही. त्या धान्याला लागलेलं पाणी, डिझेल आणि गॅस केव्हाच खर्च झालेला असतो. उरलेल्या साली, चहाचा चोथा भोकं पाडलेल्या बादलीत टाका, प्रत्येक थरावर मूठभर सुकी पानं पसरा आणि दोन-तीन दिवसांनी खालवर करा. घाण वास आला तर समजा, आत हवा खेळत नाही; सुकी पानं वाढवा आणि दोन दिवस ओलं घालू नका.