आई-मावशी-काकूंसोबत गावातल्या बायकांचे पिक्चर बघायचेत? मग असं करा

दिवाळीत किंवा मे महिन्यात गावी सगळ्या बाया जमतात ना, तेव्हाच हे करायचं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा माती खाल्ली. डायरेक्ट 'पार्च्ड' (२०१५) लावला. राधिका आपटे, तनिष्ठा चॅटर्जी, सुरवीन चावला, तिघींची मैत्री एकदम भारी दाखवलीये, पण त्यात मारहाण आहे, उघडे सीन आहेत, आणि समोर सासू, सून आणि आत्या एकाच सतरंजीवर बसलेल्या. वीस मिनिटात अर्ध्या बायांना अचानक कामं आठवली. तो फक्त मैत्रिणी मैत्रिणी असाल तेव्हा बघा, सासू-सुना एकत्र असताना नको.

सुरुवात 'लापता लेडीज'ने करा. किरण रावचा, २०२४ ला थिएटरला आला, गोष्ट २००१ मधली. ट्रेनमधे घुंगटामुळे दोन नवऱ्या मुलींची अदलाबदल होते, एवढं सांगितलं तरी बाया सरसावून बसतात. हिंदी सोपी आहे आणि वर छाया कदम आहे, "अगं ही फँड्रीतली जब्याची आई" म्हणून सांगा, लगेच ओळख लागते. ती स्टेशनवर चहाची टपरी चालवते आणि हरवलेल्या फूलला (अदलाबदल झालेल्या दोघींतली एक) हाताशी धरते, कामाचे पैसे देते. तो सीन आला की गप्प बसा, काही समजावून सांगू नका प्लीज. आमच्याकडे तिथे काकू एवढंच म्हणाली, मला तर अजून कोणी दिले नाहीत. त्यावर पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही आणि मग जे बोलायला लागल्या ते रात्री अकरापर्यंत.

वेळ दुपारची ठेवा, जेवणं भांडी उरकल्यावर, धारा काढायच्या आत संपला पाहिजे (हा दोन तासांच्या आसपास आहे, बसतो बरोबर). पडदा लहान असला तरी चालतं पण आवाज मोठा हवा, मोबाईलच्या स्पीकरवर चालत नाही, पोरांकडचा ब्लूटूथवाला स्पीकर आणा. आणि हे घरच्या घरी. बचत गटासाठी हॉल घेऊन दाखवणार असाल तर आधी हक्कवाल्यांची परवानगी काढा.

दुसऱ्या दिवशी 'हेल्लारो' (२०१९). गुजराती आहे, १९७५ चं कच्छ, गावात गरबा फक्त पुरुषांनी खेळायचा, बायांना बंदी, मग पाणी आणायला गेलेल्या बाया वाळवंटात भेटलेल्या ढोलवाल्याच्या तालावर चोरून नाचतात. सबटायटल सगळ्यांना वाचता येत नाहीत म्हणून एकीने मधे मधे मराठीत सांगायचं, पण गरबा सुरू झाला की तीही गप्प. इथे मी एकच गोष्ट विचारते, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा कुठे भेटायचात? विहीर, ओढा, चक्की, भांगलणीची पात, एकेक जागा निघत जाते आणि नळ आल्यावर ते भेटणंच कसं कमी झालं हेही निघतं, म्हणजे पाणी घरात आलं आणि मैत्रीण लांब गेली. "पिक्चर कसा वाटला" विचारू नका, "छान होता" म्हणून उठतात.

'मिर्च मसाला' (१९८७) शेवटी ठेवा. स्मिता पाटीलची सोनबाई मिरचीच्या कारखान्यात लपते, बाहेर तिच्या मागे लागलेला सुभेदार (सारा वसूल करणारा अधिकारी), आणि आतल्या काही बायाच म्हणतात जा बाई तू त्याच्याकडे, आमच्यावर कशाला. बाकी पिक्चरमधे बाया एकमेकींना धरून असतात, इथे फूट पडते, आणि माझ्या मते सगळ्यात खरं हेच वाटतं. तिथे पॉज करून विचारा, आपण कोणत्या बाजूला असतो? खोटं कोणी बोलत नाही, आमची आत्या तर सरळ म्हणाली मीच पहिली बाहेर काढली असती तिला. मग पुढचं लावा.

आणि चहा घरातल्या पुरुषांनी करायचा हे आदल्या दिवशीच ठरवून घ्या, नाहीतर बाया मिरची फेकतात त्या सीनला आपल्या निम्म्या बाया ओट्यापाशी आधण ठेवत असतात.