पिळायच्या रोलरचं जुनं वॉशिंग मशीन पुन्हा चालू कसं करायचं

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये शेतावरच्या सामानाचा लिलाव असला, की ट्रॅक्टरच्या सुट्या भागांमध्ये कुठेतरी एक रिंगर मशीन उभं असतंच. तीन-चार पाय, पोटात टाकी, डोक्यावर कपडे पिळायचे दोन रोलर. बहुतेकदा ते मेटॅगचं निघतं, कारण ती कंपनी इथलीच, आयोवातल्या न्यूटन गावची. १८९३ साली मळणीयंत्राची जोडसाधनं बनवत सुरू झालेल्या या कंपनीने १९०७ मध्ये पहिलं धुण्याचं यंत्र काढलं. १९२२ मध्ये टाकीच्या तळातून वर येणारी, पाणी घुसळणारी रवी बसवली आणि तिथून तिचा धंदा फोफावला. रिंगर मशीन ती १९८३ पर्यंत बनवत होती. न्यूटनचा कारखाना २००७ मध्ये बंद झाला, पण मशीनं अजून गोठ्यांतून निघतायत.

माझं चौकोनी अ‍ॅल्युमिनियम टाकीचं. ते आणल्यावर केलेलं काम खाली त्याच क्रमाने दिलंय.

आधी पिन लावू नका

मशीन घरी आलं की पहिला मोह असतो तो प्लग लावून बघण्याचा. तो आवरा. जुन्या वायरवरचं रबर वाळून तडकलेलं असतं आणि प्लग दोन पिनांचा, म्हणजे अर्थिंग नाहीच. खाली ओली फरशी, हातात ओले कपडे आणि समोर धातूची टाकी! वायर मुळापासून बदला, तीन तारांची घाला आणि अर्थिंगची तार मोटरच्या सांगाड्याला घट्ट बांधा. सॉकेट विजेची गळती होताच वीज तोडणारं हवं. वायरिंगचा हात नसेल, तर एवढं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

मोटर हाताने फिरवून पाहा. सहज फिरली, तर बेअरिंगच्या तेलाच्या भोकांत हलक्या मोटर ऑइलचे चार-पाच थेंब पुरे. वीज दिल्यावर नुसती घुंघुं करून जागेवरच राहिली, तर लगेच बंद करा, नाहीतर गुंडाळी जळते. चूक बहुधा सुरू होण्याच्या स्विचच्या काळ्या पडलेल्या टोकांत असते.

रवी काढणं

माझे तीन दिवस इथे गेले. रवी उभ्या दांड्यावर वरून बसवलेली असते. साबणाचा थर आणि गंज यांनी ती अशी चिकटते, की जणू एकसंध ओतलीय. हातोडा मारलात, तर पंख तरी तुटेल, नाहीतर खालचे गिअर तरी दुखावतील. रवी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर सोपी युक्ती आहे: अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून रात्री दांड्याभोवती गंज सोडवणारं तेल सोडा आणि सकाळी रवीच्या मानेवर उकळतं पाणी ओता. मग घेराखालून दोरीचे दोन फास समोरासमोर अडकवून सरळ वर ओढा. एका बाजूने ओढलंत, तर ती तिरकी होऊन आणखी आवळते. काळी, प्लॅस्टिकसारखी रवी मात्र ठिसूळ असते. तिच्यावर ठोकाठोक नको. तेल आणि सबुरी, बस.

तिसऱ्या दिवशी माझी रवी ‘टक्’ करून सुटली. खाली राखाडी चिखल होता, त्यात शर्टाची दोन बटणं, एक सेफ्टी पिन आणि गव्हाच्या ओंब्या कोरलेला जुना सेंट (अमेरिकी नाणं). तसे सेंट १९५८ नंतर पाडलेच नाहीत. कोणाच्या तरी खिशातून पडला आणि इतकी वर्षं तिथेच धुऊन निघत राहिला.

परत बसवताना दांड्याला पाण्याने न धुपणाऱ्या ग्रीसचा पातळ हात द्या. पुढच्या वेळी तुमचे तीन दिवस वाचतील.

टाकी

आपण कुकरच्या तळाच्या पाण्यात लिंबाची फोड किंवा चिंच का टाकतो? अ‍ॅल्युमिनियम काळं पडू नये म्हणून. इथेही तोच हिशोब. गरम पाण्यात पांढरं व्हिनेगर घालून टाकी भरा, तास-दोन तास ठेवा आणि नायलॉनच्या घासणीने घासा. कॉस्टिक सोड्याचा ड्रेन क्लीनर चुकूनही वापरू नका, तो अ‍ॅल्युमिनियम खातो. लोखंडी काथ्याही नको, तिचे कण रुतून गंजाचे ठिपके पडतात. टाकी आरशासारखी चमकवायचा हट्ट मी केला नाही. बाहेरचा जुना रंग खरवडायचा असेल, तर त्यात शिसं असू शकतं. कोरडा काचकागद मारू नका, ओल्यानेच घासा आणि तोंडावर चांगला मास्क बांधा.

रोलर

रबर वरून काचेसारखं गुळगुळीत झालं असेल, तर कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा, पकड परत येते. पेट्रोल, रॉकेल लावू नका, रबर फुगून चिकट होतं. खोल भेगा असतील किंवा वर्षानुवर्षं दाबून ठेवल्यामुळे एका बाजूला चपटेपणा आला असेल, तर नवं रबर चढवून घेण्याला पर्याय नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रिंगरच्या माथ्यावर दाब सोडणारी पट्टी असते. तिच्यावर थाप मारली, की रोलर फटकन एकमेकांपासून सुटायला हवेत. ओला टॉवेल आत घाला आणि तो अर्धा गेला असताना पट्टीवर मारा. असं दहा वेळा करा. एकदा जरी अडकली, तरी स्प्रिंग आणि खिट्टी साफ करून, तेल देऊन पुन्हा पहिल्यापासून मोजा. या रोलरांत बोटंच काय, हातही कोपरापर्यंत गेलेले आहेत. ओढणी, पदर, सैल बाह्या, मोकळे केस, बांगड्या घेऊन जवळ जायचं नाही. मुलं घरात असतील, तर वापर झाल्यावर प्लग काढूनच ठेवा. काही मशीनला बटणच नसतं, पिन लागली की मोटर सुरू.

पहिली चाचणी

आधी कपड्यांशिवाय अर्धी टाकी कोमट पाणी. दहा मिनिटं घुसळू द्या आणि खाली पुठ्ठा पसरून ठेवा, गळती लगेच दिसते. पाण्यावर तेलाचा तवंग आला, तर दांड्याभोवतीचं सील गेलं. ते बदलल्याशिवाय पांढरे कपडे टाकू नका. मग जुने टॉवेल धुऊन बघा. पिळताना बटणं आतल्या बाजूला दुमडा आणि कपडा पसरून सोडा, गोळा करून नव्हे. एका बाजूला जाड घडी गेली की रोलर तिरके होतात.

पाणी काढायला नळी आकड्यावरून खाली सोडली की झालं. नंतर टाकी पुसा, झाकण थोडं उघडं ठेवा आणि रोलरचा दाब सैल करून मगच दिवा मालवा.