भिन्न सांस्कृतिक पार्श्वभूमीच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचे गट-अध्ययन कसे चालवावे

वेगवेगळ्या देशांतून, भाषांतून आणि धर्मांतून आलेले विद्यार्थी एका टेबलाभोवती बसवले की ते आपोआप एकमेकांकडून शिकू लागतील, असे गृहीत धरून अनेक वैद्यकीय महाविद्यालये गट पाडतात आणि तिथेच थांबतात. प्रत्यक्षात पहिल्या काही बैठकांतच दोघे-तिघे बोलते होतात, उरलेले श्रोते बनतात आणि बघता बघता ही वाटणी पक्की होते. भिन्न समूहांतील माणसांचा नुसता सहवास पूर्वग्रह कमी करायला पुरेसा नसतो, हे गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडले होते. त्यासाठी समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा या चार गोष्टी लागतात, असे त्याचे म्हणणे होते. गट चालवणाऱ्या शिक्षकाने सदिच्छेवर भिस्त न ठेवता या अटी बैठकीच्या रचनेतच बसवाव्यात.

सुरुवात गट पाडण्यापासून करावी. सहा ते आठ जणांचा गट सोयीचा पडतो, कारण त्याहून मोठ्या गटात गप्प बसणे फार सोपे होते. गट विद्यार्थ्यांना निवडू देऊ नयेत, कारण ते एकाच भाषेच्या मित्रांचे होतात. मात्र प्रत्येक गटात प्रत्येक समूहाचा एकेक विद्यार्थी ठेवण्याची कागदावर आकर्षक दिसणारी सरमिसळही टाळावी. एखाद्या समूहाचा एकच विद्यार्थी गटात असला की त्याच्याकडे व्यक्ती म्हणून न पाहता नमुना म्हणून पाहिले जाते. एका भाषेचे किंवा प्रदेशाचे दोघे असतील, तर निदान पहिल्या शैक्षणिक सत्रात त्यांना एकत्र ठेवावे. पहिल्याच बैठकीत प्रत्येकाने आपले नाव कसे उच्चारायचे ते सांगावे आणि शिक्षकाने ते नीट शिकून घ्यावे. या कामाला पाच मिनिटे पुरतात.

एखाद्या रुग्णाच्या प्रसंगावर, म्हणजे केसवर, गटाने चर्चा करत शिकण्याची समस्याधारित अध्ययनाची, म्हणजे पीबीएलची, पद्धत कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ मध्ये सुरू झाली आणि पुढे नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठातून तिचा सात पायऱ्यांचा आराखडा प्रसिद्ध झाला. अनोळखी संज्ञा स्पष्ट करणे, समस्या निश्चित करणे, सुचेल ते मांडणे, त्याची जुळणी करणे, अध्ययनाची उद्दिष्टे ठरवणे, स्वतंत्र अभ्यास करणे आणि पुन्हा एकत्र येऊन मांडणी करणे, असा तो क्रम आहे. बहुसांस्कृतिक गट अडखळतो तो बहुधा तिसऱ्या पायरीवर. अर्धवट विचार शिक्षकांसमोर मोठ्याने बोलून दाखवण्याची तयारी तिथे गृहीत धरलेली असते. पूर्ण खात्री असेल तरच बोलावे आणि वडीलधाऱ्यांचे म्हणणे खोडू नये, अशा वळणात वाढलेला विद्यार्थी तिथे गप्प राहतो आणि त्याचा अभ्यास झालेला नाही असा ग्रह करून घेतला जातो.

यावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे आधी लिहिणे आणि मग बोलणे. केस वाचून झाली की तीन मिनिटे सर्वांनी शांतपणे आपापल्या शक्यता कागदावर लिहाव्यात. नंतर प्रत्येकाने त्यातली एकच वाचून दाखवावी आणि फेरी पूर्ण होईपर्यंत कोणीही, शिक्षकांनीसुद्धा, तीवर मत देऊ नये. फेरीची सुरुवात दर वेळी वेगळ्या विद्यार्थ्यापासून करावी. त्यापुढच्या चर्चेत प्रश्न विचारल्यावर थांबायला शिकावे लागते. मेरी बड रो या संशोधिकेने वर्गांचे निरीक्षण केले, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादाच सेकंद थांबतात असे आढळले. हा अवधी तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरे लांबली आणि अधिक विद्यार्थी बोलू लागले. परभाषेत विचार जुळवणाऱ्याला याहूनही अधिक वेळ लागतो. शिक्षकांना ही शांतता फार जड जाते, म्हणून मनात आकडे मोजावेत. गटप्रमुख, लेखनिक आणि वेळ पाहणारा या जबाबदाऱ्या दर केसला बदलाव्यात, नाहीतर फर्डे बोलणारा कायमचा गटप्रमुख होतो आणि सुवाच्य अक्षराची मुलगी कायमची लेखनिक.

केस अशी निवडावी की गटातील विविधतेचे तिथे खरोखर काम पडेल. उदाहरणार्थ, ५८ वर्षांच्या रुग्ण स्त्रीच्या बायोप्सीत कर्करोगाचे निदान झाले आहे आणि तिचा मुलगा खोलीबाहेर डॉक्टरांना गाठून म्हणतो, ‘‘आईला यातले काही सांगू नका.’’ एक विद्यार्थी लगेच रुग्णाच्या हक्काचा मुद्दा मांडतो, दुसरा म्हणतो की आमच्या घरी असेच करतात, आणि चर्चेचे रूपांतर बघता बघता दोन संस्कृतींच्या सामन्यात होते. अशा वेळी शिक्षकांनी निवाडा देऊ नये आणि प्रश्नाचे तुकडे करावेत. मुलाला नेमकी कशाची भीती वाटते? रुग्णालय ज्या देशात आहे तिथला कायदा आणि व्यावसायिक आचारसंहिता काय सांगतात? आणि मुख्य म्हणजे, रुग्णाला स्वतःला किती जाणून घ्यायचे आहे हे तिला कोणी विचारले आहे का? यानंतर जोड्या करून प्रत्येक जोडीला दोन वाक्ये लिहायला सांगावीत. पहिले वाक्य दाराशी उभ्या मुलासाठी आणि दुसरे रुग्णासाठी. ‘‘तपासण्यांचे निष्कर्ष आले की ते तुम्हाला स्वतःला सविस्तर सांगितलेले आवडतील, की घरच्या कोणाशी बोलावे असे तुम्हाला वाटते?’’ यासारखे वाक्य मोठ्याने वाचून त्यातला एकेक शब्द पारखताना मतभेद कायम राहतात, पण ते आता कामाचे झालेले असतात.

‘तुमच्याकडे काय करतात?’ हा प्रश्न मात्र कोणत्याही विद्यार्थ्याला थेट विचारू नये. तो हेतूने कितीही निरागस असला तरी विद्यार्थ्याला अख्ख्या समाजाचा प्रवक्ता बनवतो. त्याऐवजी ‘या प्रसंगाची दुसरी बाजू कोणी पाहिली आहे का?’ असे सर्वांना विचारावे आणि ज्याला सांगावेसे वाटेल त्याने सांगावे.

विविधता फक्त नीतिशास्त्राच्या केसमध्ये आणणे हीदेखील चूक आहे. सायनोसिस, म्हणजे रक्तातील ऑक्सिजन कमी झाल्याने त्वचा निळसर पडणे, शिकवताना गडद त्वचेवर निळसरपणा सहज दिसत नाही, म्हणून ओठ, जीभ आणि पापण्यांच्या आतला भाग पाहावा, हे त्याच तासात यायला हवे. पल्स ऑक्सिमीटर गडद त्वचेच्या रुग्णांत ऑक्सिजनचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतो, हे अमेरिकेतील रुग्णांवरील २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून ठळकपणे पुढे आले. ही माहिती शरीरक्रियाशास्त्राचा भाग म्हणून शिकवावी.

एकमेकांच्या शरीरावर तपासणीचा सराव करताना सर्वाधिक काळजी घ्यावी. आपल्या छातीची किंवा पोटाची तपासणी इतरांना, विशेषतः भिन्न लिंगाच्या सहाध्यायांना, करू देणे काही विद्यार्थ्यांना मान्य नसते आणि सर्वांसमोर विचारल्यास ते नाइलाजाने होकार देतात. म्हणून सरावाच्या आधी लेखी आणि खाजगीत विचारावे, कारण सांगण्याची सक्ती करू नये, आणि प्रशिक्षित सराव-रुग्ण किंवा मॅनिकिन (मानवी शरीराची प्रतिकृती) यांचा पर्याय सर्वांनाच खुला ठेवावा. पर्याय फक्त मागणाऱ्याला दिला तर मागणारा वेगळा पडतो. तपासणी करण्याचे कौशल्य मात्र सर्वांनी आत्मसात केलेच पाहिजे, ही अट स्पष्ट ठेवावी.

चर्चेची भाषा एकच असावी, पण मातृभाषेवर बंदी घालू नये. दोघांनी अवघड संकल्पना मिनिटभर आपल्या भाषेत सोडवून घेतली तर बिघडत नाही, फक्त काय उमगले ते त्यांनी लगेच गटाला सांगावे. खरी फाटाफूट बहुधा वर्गाबाहेर होते, कारण नोट्स आणि जुन्या प्रश्नपत्रिका भाषावार व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. गटाचे सर्व साहित्य एकाच सामायिक फोल्डरमध्ये ठेवण्याचा नियम पहिल्या आठवड्यातच करावा.

गुण देताना कोण किती बोलले हे मोजू नये. लेखी टिपणाची गुणवत्ता, दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेणे आणि ठरलेला अभ्यास वेळेवर आणणे हे निकष आधीच जाहीर करावेत. चुकांबद्दल सर्वांदेखत बोलणे काहींना चालते, तर काहींना ती मानहानी वाटते, त्यामुळे वैयक्तिक अभिप्राय एकट्याला बोलावून द्यावा आणि गटाच्या कामाचा अभिप्राय गटात द्यावा. खटके उडाले म्हणून घाईने गट मोडू नये. नव्या गटात सुरुवातीच्या सौजन्यानंतर संघर्षाचा टप्पा येतो, हे ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये मांडलेले निरीक्षण अशा गटांनाही लागू पडते. सत्र संपेपर्यंत गट टिकवावा आणि मगच नवी रचना करावी. अपमान किंवा भेदभावाची तक्रार आली तर मात्र सत्र संपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी संबंधितांशी स्वतंत्रपणे बोलावे.