सायप्रिनसची अंडी थंडीत घेण्याची घाई नको

रोहू, कटला, मृगळ पावसाळ्यात अंडी देतात. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, जानेवारी ते मार्चमध्येही देतो. त्यामुळे शेततळ्यावर स्वतःचं बीज तयार करणारे संक्रांतीआधीच हापे, म्हणजे तळ्यातल्या बारीक जाळीच्या पेट्या, बांधायला घेतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, थोडं थांबा.

येळवस (मार्गशीर्ष अमावस्या) ते संक्रांत या काळात परभणीकडे पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास येतो, कधी त्याखालीही जातो. शेततळं लहान असल्याने रात्रीत पाणी झपाट्यानं गार होतं. पाणी २५ अंश असेल तर अंडी दोन-अडीच दिवसांत फुटतात, २० अंशांना साडेतीन-चार दिवस लागतात. १५ च्या खाली गेलं की वाढ रखडते, बरीच अंडी आतच मरतात आणि जी फुटतात त्यातली कित्येक पिल्लं वाकड्या शेपटीची निघतात. जितके दिवस जास्त, तितकी बुरशीला संधी जास्त.

म्हणून दुपारचं तापमान धरू नका. थर्मामीटर दोरीला बांधून अंडी राहणार त्याच खोलीवर सोडा आणि सूर्य उगवायच्या आधी वाचा. सलग आठवडाभर २० च्या वर राहिलं, की मगच जोड्या सोडा. तोवर नर-मादी वेगळे ठेवा. एकत्र राहिले तर चार दिवसांच्या उन्हानं आपोआप अंडी टाकतात आणि पुढच्या गारठ्यात ती जातात.

अंडी पडल्यावर अचानक थंडी आली तर? पहिल्या दिवसाची अंडी सर्वांत नाजूक असतात, ती हलवू नका. विहिरीचं पाणी पहाटे तळ्यापेक्षा उबदार असतं, ते कामी येतं. पण त्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून उंचावरून पाडत, हळूहळू सोडा. एकदम फरक पडला तर तोही मारक ठरतो.

अंडी चिकटावीत म्हणून हाप्यात हायड्रिला ही पाणवनस्पती ठेवतात. रोज तिची एक काडी उचलून बघा. जिवंत अंडं राजगिऱ्याच्या दाण्याएवढं, पिवळसर, आरपार दिसणारं असतं. दोन काळे डोळे दिसू लागले की निम्मी काळजी मिटली. दुधासारखी पांढरी झालेली अंडी मेलेली. त्यांच्यावर कापसासारखी बुरशी चढते आणि शेजारच्या चांगल्या अंड्यांनाही धरते, म्हणून तेवढ्या काड्या लगेच काढून टाका. मॅलॅकाइट ग्रीन मात्र वापरू नका. खायच्या माशांत ते चालत नाही.

जिरे, म्हणजे अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं, पहिले दोन-तीन दिवस पोटाखालच्या पिशवीवर जगतात. तोवर खाद्य टाकू नका, हापाही हलवू नका.