सुपरसेलच्या मागे जाताना काय काय घ्यायचं (आणि लेन्सचं शेवटी)

मे जवळ आला की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, वादळाचे फोटो काढायला यायचंय, लेन्स कुठली घेऊ? वादळ म्हणजे सुपरसेल, गोल फिरणारा प्रचंड गडगडाटी ढग. लेन्सचं शेवटी सांगतो, कारण अमेरिकेतल्या टेक्सास-ओक्लाहोमा-कॅन्ससच्या त्या सपाट माळावर लेन्समुळे फोटो गेलाय असं माझं क्वचितच झालंय, गेला तो रिकाम्या टाकीमुळे, चुकीच्या रस्त्यामुळे नाहीतर आपल्याच हावरटपणामुळे.

आधी सुट्टी. मे मध्ये टेक्सास पॅनहँडल (टेक्सासचं उत्तरेकडचं टोक), ओक्लाहोमा, कॅन्सस, आणि जून लागला की सगळं हळूहळू वर सरकतं, नेब्रास्का, पूर्व कोलोरॅडो, डकोटा. तीन दिवसांचा लाँग वीकेंड काढून येऊ नका, आठ-दहा दिवस तरी ठेवा, मधे चार-पाच दिवस नुसतं निळंशार आकाश बघायची तयारी पण ठेवा. त्या दिवसात अमरिलोजवळचं पालो ड्युरो कॅन्यन बघून घ्या, मात्र वादळाच्या दिवशी त्या भागाच्या नादी लागू नका, दरीमुळे पलीकडे जायला रस्तेच मोजके आहेत.

सकाळी उठल्यावर चहाच्या आधी ओक्लाहोमातल्या नॉर्मनच्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा, म्हणजे वादळांचा अंदाज देणाऱ्या सरकारी केंद्राचा, त्या दिवसाचा नकाशा. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात, नवीन माणूस सगळ्यात वरच्या पायरीच्या मागे लागतो आणि तिथेच फसतो, कारण अशा दिवशी वादळं एकमेकात घुसून पावसाची भिंत होते, पळतात पण सुसाट. फोटोसाठी मला दुसऱ्या पायरीचा दिवस जास्त आवडतो, ड्रायलाइनवर एकटाच उभा राहिलेला सुपरसेल, आजूबाजूला स्वच्छ आकाश. ड्रायलाइन म्हणजे मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट हवा आणि पश्चिमेची कोरडी हवा जिथे भिडते ती रेघ. तिच्या पूर्वेला ड्यू पॉइंट (हवेत दमटपणा किती ते सांगणारं तापमान) साठ फॅरनहाइटच्या वर हवा, आणि जमिनीपासून वर जाताना वाऱ्याची दिशा आणि वेग दोन्ही बदलत गेले पाहिजेत, ढग गोल फिरतो तो त्यामुळे. वर गरम हवेचा एक थर असतो, त्याला कॅप म्हणतात, तो दुपारी उशिरापर्यंत टिकायला हवा. लवकर फुटला तर सगळीकडे पसरट रटाळ पाऊस, अजिबात नाही फुटला तर उन्हात भाजलेलं तोंड घेऊन संध्याकाळी मोटेलवर परत. आणि हो, नकाशांवरची वेळ झेड मध्ये, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत असते, उन्हाळ्यात सेंट्रल टाइमसाठी त्यातून पाच तास वजा, म्हणजे शून्य झेड म्हणजे संध्याकाळचे सात.

आता गाडी. टाकी अर्धी झाली की भरायची, पश्चिम कॅन्ससमध्ये पुढचा पंप किती लांब असेल सांगता येत नाही आणि वादळाने वीज गेली तर पंप असून उपयोग नाही. टायरची नक्षी बघा, वायपर नवीन टाका, स्टेपनी खरंच आहे का ते डिकी उघडून बघा. भाड्याची गाडी असेल तर गारांचं नुकसान इन्शुरन्समध्ये बसतं का ते लेखी विचारा, काउंटरवरचा माणूस हो हो म्हणतो त्यावर जाऊ नका, मी गेलो होतो. २३ जुलै २०१० ला साउथ डकोटातल्या व्हिवियनला पडलेली गार आठ इंच व्यासाची होती, वजन जवळजवळ ९०० ग्रॅम. काचेचं काय होईल विचार करा.

रस्त्यांवर जास्त लिहितो कारण इथेच लोक अडकतात. ओक्लाहोमा-कॅन्ससमध्ये बऱ्याच ठिकाणी दर मैलाला एक रस्ता, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, नकाशावर बघून वाटतं कुठूनही कुठेही जाता येईल, पण त्यातले कितीतरी कच्चे आहेत. मी सोलापूरकडचा, काळ्या मातीचा चिखल मला माहितीये, तो चिकटतो, पाय सोडत नाही. ओक्लाहोमाची लाल माती उलटी, पाऊस पडला की साबण. पहिल्याच वर्षी गाडी सरळ चारीत गेली आणि एका शेतकऱ्याने पिकअपने ओढून काढली, तोपर्यंत वादळ नशिबाने वरून निघून गेलं होतं. तेव्हापासून पावसाचा वास आला की फक्त डांबरी. ऑफलाइन नकाशे आदल्या रात्रीच डाउनलोड करा, जोडीला कागदी अ‍ॅटलास, आणि टेक्सास-ओक्लाहोमाच्या सीमेवरच्या रेड रिव्हर नदीवरचे पूल आधीच खुणा करून ठेवा, ते थोडेच आहेत.

फोनवर रडारस्कोप हे रडार दाखवणारं अ‍ॅप लागतंच, पण एक स्कॅन पूर्ण व्हायला साधारण पाच मिनिटं जातात, वादळ ताशी ५० किमीने चाललं असेल तर तेवढ्यात ते चार किमी पुढे गेलेलं असतं. म्हणजे स्क्रीनवरचा आपला ठिपका सुरक्षित दिसतो तेव्हा आपण सुरक्षित असूच असं नाही, डोळे ढगावर. रेंज नसताना कामाला येतो तो अमेरिकेच्या हवामान खात्याचा रेडिओ, तोही घ्या. वादळं बहुतेक ईशान्येकडे जातात, म्हणून आपण आग्नेयेला, ढगाच्या कोरड्या तळासमोर, गाडीचं तोंड पळायच्या दिशेला आणि पळायला एक नाही दोन रस्ते. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रेनोचा टॉर्नेडो पावसात लपलेला होता, रुंदी ४.२ किमीपर्यंत गेली, वाट आणि वेग अचानक बदलला, आणि त्यात टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि कार्ल यंग गेले. आयुष्य यातच घालवलेली अभ्यासू माणसं होती ती. म्हणून गारांच्या पडद्यातून घुसून पलीकडे जायचं वगैरे माझ्या गाडीत होत नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. पुलाखाली पण थांबायचं नाही, ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात पुलांखाली आसरा घेतलेल्यांपैकी तिघे गेले.

एकट्याने जाऊ नका. चालवणारा चालवेल, दुसरा रडार बघेल, फोटो गाडी थांबल्यावर, तीही डांबराच्या बाहेर घेऊन, मागे पन्नास गाड्या तेच करत असतात. अंधार पडला की टॉर्नेडोचा पाठलाग बंद. हवामान खात्याचा स्कायवॉर्नचा, म्हणजे वादळ ओळखायला शिकवणारा क्लास फुकट असतो, येण्याआधी करून टाका.

हं, आता कॅमेरा. १६-३५ सारखी वाइड लेन्स, कारण सुपरसेलची खरी मजा अख्खा ढग दिसण्यात आहे, दहा-पंधरा किमीवरून, थर थर चढवलेला आणि वर ऐरणीसारखं पसरलेलं डोकं. लांबच्या टॉर्नेडोसाठी ७०-२००. रॉ मध्येच (कॅमेऱ्याच्या मूळ, न दाबलेल्या फाइलमध्ये) काढा, उजेडाचा भाग जळू देऊ नका, सावली नंतर उचलता येते, आणि फोकस मॅन्युअल करून टेप लावा. एसीतून बाहेर काढल्याबरोबर लेन्सवर वाफ धरते, तेव्हा कॅमेऱ्याची बॅग आधीपासून एसीच्या झोतापासून लांब ठेवा. वीज टिपायची तर दिवसा लाइटनिंग ट्रिगर (वीज चमकताच शटर दाबणारं यंत्र), रात्री शटर दहा-पंधरा सेकंद उघडं. पण विजा जवळ आल्या की ट्रायपॉड सोडून द्या, काचा बंद करून गाडीत बसा, रस्त्याकडेच्या तारेच्या कुंपणापासून लांब राहा. खिडकीच्या काचेला लावायचा क्लॅम्प आधीच लावून ठेवा, म्हणजे विजा किंवा पाऊस जवळ येईपर्यंत तरी आतूनच फोटो चालू राहतात. मोटेलमधल्या शॉवर कॅप उचलून आणा, कॅमेऱ्यावर मस्त बसतात.

शाकाहारी असाल तर छोट्या गावात रात्री नऊनंतर पंपावरच्या चिप्सशिवाय काही मिळेल अशी आशा नको, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून घ्या, माणशी सहा धरा, मागच्या वर्षी चार धरल्या होत्या.