आजोळच्या सुट्टीत बाळाचे शब्द कसे वाढू द्यावेत

दीड-दोन वर्षांचे मूल सुट्टीत सोलापूरला आजोळी आले की, आठ-दहा दिवसांत ते बरेच बोलू लागल्याचे घरच्यांच्या लक्षात येते. यातले सगळेच शब्द सोलापुरात शिकलेले नसतात. मूल शब्द उच्चारण्याच्या बरेच आधी तो समजू लागलेले असते आणि नवी माणसे व नव्या वस्तू समोर आल्या की तो साठा बाहेर पडतो. म्हणून सुट्टीत मुलाला शब्द शिकवत बसण्यापेक्षा, ते ज्याकडे पाहत आहे त्याचे नाव त्याच क्षणी त्याच्या कानावर पडेल, एवढे पाहावे.

निघण्यापूर्वी एका लहान वहीत मूल आपणहून आणि अर्थासह वापरते ते शब्द लिहून ठेवावेत. ‘मम्मं’, ‘भूर’, ‘हम्मा’ हे शब्दच आहेत आणि उच्चार बोबडा असला तरी मूल तो नेहमी एकाच अर्थाने वापरत असेल, तर तोही मोजावा. केवळ आपल्यामागून म्हटलेला शब्द मात्र धरू नये. नवा शब्द आला की तारखेबरोबर तो कोठे आणि कशाकडे पाहून आला, हेही लिहावे.

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, तेव्हा फिरणे सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच ठेवावे. सिद्धेश्वराच्या देवळात मोठी माणसे मुलाला तलाव, पाणी, शेजारचा भुईकोट किल्ला असे सगळे एका दमात दाखवू लागतात आणि मूल मात्र टक लावून घंटेकडे पाहत असते. अशा वेळी तलाव सोडून द्यावा. ‘घंटा. मोठी घंटा. घंटा वाजली,’ असे म्हणून गप्प राहावे आणि मनात सावकाश पाचपर्यंत मोजावे. हे गप्प राहणेच आपल्याला सर्वांत अवघड जाते. संध्याकाळी देवघरातील लहान घंटी वाजवताना पुन्हा तोच शब्द म्हणावा, कारण एका जागी ऐकलेला शब्द मुलाच्या मनात त्या एकाच वस्तूला चिकटून राहू शकतो. उलट, रस्त्यातल्या म्हशीला मूल ‘हम्मा’ म्हणाले तर त्याला चूक म्हणू नये. ‘हो, हम्मासारखीच आहे, पण ही म्हैस,’ एवढे पुरते.

वस्तूंची नावे आपण सहज सांगतो, क्रियापदे मात्र राहून जातात. आजी भाकरी थापत असताना मुलाला जवळ बसवून, चुलीपासून किंवा शेगडीपासून दूर ठेवून, पिठाची लहान गोळी द्यावी आणि ‘थाप, उलट, भाज’ असे बोलत राहावे. सोलापुरी चादर तर खेळणेच आहे: तिच्याखाली लपताना ‘आत’, डोके काढताना ‘बाहेर’, अंगावर ओढताना ‘वर’ हे शब्द शरीरानेच कळतात. शेंगाचटणीच्या निमित्ताने ‘तिखट’ शब्द येईलच. अख्खे शेंगदाणे मात्र घशात अडकू शकतात, ते पाच वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नयेत.

सोलापुरात एकाच वाड्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी ऐकू येते. शेजारच्या अज्जी कन्नडमध्ये ‘बा’ म्हणजे ‘ये’ म्हणून बोलावतील, कोणी तेच तेलुगूत ‘रा’ म्हणेल. याने मूल गोंधळेल किंवा उशिरा बोलेल, ही भीती निराधार आहे. प्रत्येकाने आपल्याला सहज येणाऱ्या भाषेत बोलावे. त्रास होतो तो मामी, मावशी, शेजारच्या काकू अशा सगळ्यांनी मिळून ‘म्हण बघू, म्हण बघू’ असे घेरल्याने. त्यापुढे बोलके मूलही आईच्या पदराआड जाते. घरातील वडीलधाऱ्यांना हे पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगावे.

दुपारच्या उकाड्यात मोबाइल हातात देण्याचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या मुलाला मोबाइल-टीव्हीचा पडदा अजिबात दाखवू नये आणि दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासाहून अधिक वेळ दाखवू नये.

दोन वर्षे पूर्ण होऊनही ‘आजी ये’, ‘दूध दे’ अशी दोन शब्दांची स्वतःची जोडणी होत नसेल, तर परतल्यावर बालरोगतज्ज्ञांना दाखवून मुलाची श्रवणतपासणी करून घ्यावी; आधी येत असलेले शब्द गळून जात असतील, तर सुट्टी संपण्याचीही वाट पाहू नये. भेटीला जाताना ती वही बरोबर न्यावी.