स्पॅनिश मेलमध्ये डॉक्टर, प्रोफेसर लिहिताना या चुका टाळा

मी पुण्यातून मेक्सिकोच्या क्लायंटशी रोज स्पॅनिशमध्ये मेल करते. सुरुवातीला एका डॉक्टर बाईंना मी नुसतं डी आर टिंब लिहून मेल टाकला, त्यांचं उत्तर आलं त्यात खाली सहीत डी आर ए टिंब होतं, एवढंच, पण मला फार वाईट वाटलं.

ही चूक आपल्याकडून हमखास होते कारण मराठीत डॉ. आणि प्रा. बाई-पुरुष दोघांनाही चालतं. स्पॅनिशमध्ये तसं नाही, तिथे दोक्तोर वेगळा आणि दोक्तोरा वेगळी, मग शॉर्टमध्येही 'ए' लागतोच. प्रोफेसोरा लिहिताना पी आर ओ एफ, मग टिंब, मग वर चढवलेला बारीक ए, टिंब ए च्या आधी येतं बरं का, बरेच जण ते खाऊनच टाकतात. लिसेन्सिआदो म्हणजे पदवीधर, त्याचं एल आय सी टिंब आणि इंजिनिअरचं आय एन जी टिंब मात्र दोघांनाही चालतं.

दुसरं म्हणजे पहिलं अक्षर. शॉर्टमध्ये ते कॅपिटल, पण पूर्ण शब्द लिहिला की स्मॉल. आणि पुढे नाव नसेल तर शॉर्ट लिहूच नका, 'डॉक्टर आले होते' असं म्हणायचं असेल तर अख्खा शब्द लिहा.

आडनावात तर सगळ्यात जास्त घोळ होतो! तिकडे बहुतेकांना दोन आडनावं असतात, आणि आपण सवयीने शेवटचं उचलतो. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांना सेन्योर (म्हणजे श्री.) गार्सिया मार्केस म्हणा नाहीतर सेन्योर गार्सिया, नुसतं मार्केस नको. दॉन (आदराने लावायचा शब्द, शॉर्टमध्ये डी टिंब) मात्र पहिल्या नावाला लागतं, त्याच्यापुढे नुसतं आडनाव जोडू नका.

मेलच्या सुरुवातीला नावानंतर स्वल्पविराम नाही, विसर्गासारखी दोन टिंबं द्यायची. तिथे थेट हाक मारतोय म्हणून 'एल' किंवा 'ला' (इंग्रजीतल्या 'द'सारखे शब्द, पुरुषाला एल, बाईला ला) लावायचं नाही, पण मजकुरात त्यांच्याबद्दल लिहिताना 'ला दोक्तोरा अमुक' असं लावायलाच लागतं.

आणि हो, डी आर एका ओळीत आणि नाव खालच्या ओळीत असं तुटू देऊ नका, वर्डमध्ये मधली स्पेस कंट्रोल-शिफ्ट धरून मारली की दोन्ही चिकटून राहतात.